घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॅक की विंडोज? माझं उत्तर आणि माझी एक चूक



दसरा-दिवाळी जवळ आली की एक प्रश्न मला हमखास येतो. "सर, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. मॅक घेऊ की विंडोज?" विचारणारे गाण्याचे क्लास घेणारे असतात, तबला शिकवणारे असतात, कीर्तनकार असतात, लग्नाच्या व्हिडिओंना संगीत करून देणारी तरुण मुलं असतात. बहुतेकांचं मन आधीच एका मशीनवर बसलेलं असतं. माझ्याकडून त्यांना फक्त "घ्या" एवढंच ऐकायचं असतं.

मी आता लगेच "घ्या" म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. म्हणून आज आधी ती गोष्ट सांगतो, मग त्यातलं तंत्र, मग पैशाचा हिशेब आणि शेवटी माझं स्पष्ट उत्तर. मी संगीतातला माणूस नाही. पेटीवर सारेगमच्या पुढे माझी गाडी जात नाही. पण छोट्या धंद्यात पैसा कुठे गळतो, हे वीस वर्षं बघत आलोय आणि घरच्या स्टुडिओत तो मशीनच्या दुकानातच गळायला सुरुवात होते.

माझा चुकलेला सल्ला

२०२१ ची दिवाळी. माझ्या एका बॅचमध्ये सहकारनगरच्या एक ताई होत्या. शास्त्रीय गायन शिकवायच्या. कोविडमध्ये क्लास ऑनलाइन झाला आणि त्यांच्या लक्षात आलं, की न्यू जर्सी आणि लंडनच्या मराठी घरांतल्या मुलांना रियाजासाठी रेकॉर्ड केलेले धडे हवे आहेत. धंदा म्हणून कल्पना उत्तम होती. घरात सात वर्षं जुना डेस्कटॉप होता, दोन माइक लागतील असा एक ऑडिओ इंटरफेस होता, एक बरा माइक होता. भाच्याने सगळं जोडून दिलं होतं. सॉफ्टवेअर फुकटचं, फक्त विंडोजवर चालणारं.

अडचण दोन होत्या. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच चर्रचर्र यायची आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू यायचा. तानपुऱ्यावर गाताना आपलाच सूर मागून येत असेल, तर माणूस गाणार कसा?

मी एका सेमिनारमध्ये ऐकलेलं वाक्य त्यांना ऐकवलं. "ताई, मॅक घेऊन टाका. कटकट मिटेल."

त्यांनी घेतला. लॅपटॉप, जोडण्या आणि वरचं थोडं सॉफ्टवेअर मिळून एक लाख वीस हजार. विनाव्याज हप्ता, महिना दहा हजार, बारा महिने. ताईंच्या क्लासला तेव्हा नऊ विद्यार्थी होते, प्रत्येकी बाराशे रुपये. म्हणजे महिन्याला १०,८००. हप्ता गेल्यावर हातात आठशे रुपये उरायचे. जुना डेस्कटॉप चार हजारांत एकाला देऊन टाकला.

चर्रचर्र थांबली, ते मान्य करायला हवं. पण रिक्षाचा आवाज, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर तशीच राहिली. भाच्याला मॅक येत नव्हता, त्यामुळे छोट्या-छोट्या गोष्टींसाठी काम अडायचं. आणि तीन महिन्यांनी खरा धक्का बसला.

ताईंनी त्यांच्या गुरुजींच्या सात बंदिशी २०१९ मध्ये त्याच जुन्या डेस्कटॉपवर रेकॉर्ड केल्या होत्या. गुरुजी २०२० मध्ये गेले. ताईंना त्या बंदिशी विद्यार्थ्यांना ऐकवायच्या होत्या. फाइल मॅकवर उघडेचना. सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, आणि डेस्कटॉप तर विकलेला. भाच्याने कधीतरी कॉपी करून ठेवलेला एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात आवाजाचे १४३ तुकडे होते. कुठला तुकडा कुठल्या बंदिशीचा, कशानंतर काय, हे फक्त त्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइललाच माहीत. शेवटी शेजारच्या मुलाचा कॉलेजचा विंडोज लॅपटॉप दोन संध्याकाळ मागून आणला, त्यावर सॉफ्टवेअर टाकलं आणि एकेक बंदिश साध्या वेव्ह फाइलमध्ये बाहेर काढली. सहा बंदिशी पूर्ण मिळाल्या. सातवीचा अंतरा त्या पेनड्राइव्हवर नव्हता, कारण तो कॉपी शेवटच्या बैठकीच्या आधीचा होता. तो अंतरा गेला.

त्या दोन संध्याकाळी मी तिथे बसून होतो. सोबत साउंडचं काम करणारा एक मित्र होता. त्याने ताईंचा इंटरफेस हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "याचा कंपनीचा ड्रायव्हर टाकला होता का जुन्या मशीनवर?" नव्हता टाकलेला. मग त्याने पुढच्या बाजूचं एक छोटं बटण दाखवलं. "आणि हे दाबलं असतं, तर स्वतःचा आवाज उशिरा आलाच नसता."

एक लाख वीस हजारांच्या ठिकाणी एक फुकटचा ड्रायव्हर आणि एक बटण. सल्ला माझा होता.

उशीर होतो म्हणजे नेमकं काय होतं

हे समजून घ्या, कारण दुकानदार आणि यूट्यूबवरची मंडळी याच मुद्द्यावर तुम्हाला महाग मशीन विकतात.

आवाज माइकमधून आत जातो, तेव्हा कॉम्प्युटर तो थोडा-थोडा साठवतो आणि मग पुढे सोडतो. या साठवणीला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जात असतील आणि बफर १,०२४ नमुन्यांचा असेल, तर एका फेरीला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. आत जाताना एक फेरी, बाहेर येताना एक. म्हणजे ४६. बफर १२८ वर आणला, तर दोन्ही मिळून साधारण ६. प्रत्यक्षात वर अजून थोडी भर पडते, पण हिशेबाला एवढं पुरे.

आता हे आकडे बैठकीत बसवून बघा. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद. ६ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी तुमच्यापासून दोन मीटरवर बसलाय. रोजच बसतो. ४६ मिलिसेकंद म्हणजे तबलजी पंधरा-सोळा मीटर लांब, हॉलच्या मागच्या रांगेत बसून साथ करतोय. मग लय पकडणार कोण?

बफर लहान करावा, तर कॉम्प्युटरला धाप लागते आणि चर्रचर्र सुरू होते. मॅकमध्ये आवाजाची ही वाट कंपनीने मुळातच चांगली बांधलेली आहे. इंटरफेस लावला की बहुतेक वेळा चालतो. विंडोजची नेहमीची वाट गाणी ऐकायला ठीक, पण रेकॉर्डिंगला हळू. त्यावर स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आसिओ नावाचा वेगळा रस्ता काढला. इंटरफेस बनवणारी कंपनी आपल्या मशीनसाठी आसिओ ड्रायव्हर देते. तो टाकला, की विंडोजवरही बफर खाली आणता येतो आणि कानाला फरक कळत नाही. तो न टाकता रेकॉर्डिंगला बसलात, तर ताईंचं झालं तेच होणार.

आणि ते बटण. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असतं. ते लावलं, की तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. मग कॉम्प्युटर मॅक असो, विंडोज असो, जुना असो, स्वतःचा आवाज ऐकायला उशीर होत नाही.

म्हणजे मॅकचा फायदा खरा आहे. पण तो सोयीचा फायदा आहे. वीस मिनिटं बसून ड्रायव्हर टाकायची तुमची तयारी असेल, तर त्या सोयीसाठी लाख रुपये द्यायचे का, एवढाच प्रश्न उरतो.

तुमचं काम तीनपैकी कोणतं?

पहिलं काम, शिकवण्याचं रेकॉर्डिंग. एक गळा, एक तानपुरा, फार तर पेटी किंवा तबला. एक-दोन माइक. पुण्यातल्या घरोघरच्या क्लासवाल्यांपैकी माझ्याकडे येणारे बहुतेक इथेच बसतात. या कामाला गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही धड चालणारा कॉम्प्युटर पुरतो. जुन्यात हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाका, रॅम ८ जीबीच्या वर न्या. ताईंच्या डेस्कटॉपचं हे काम तेव्हा साडेसहा हजारांत झालं असतं. मी नंतर विचारून घेतलं, उशिरा का होईना.

दुसरं काम, गाणं बांधण्याचं. कॉम्प्युटरमधलीच व्हायोलिनं, बासरी, ड्रम वापरून पूर्ण गाणं तयार करायचं. जाहिरातीचं जिंगल, शॉर्ट फिल्मचं संगीत, भावगीताचं संयोजन. इथे मशीनवर खरा भार येतो. एका चांगल्या वाद्याच्या नमुन्यांनाच बरीच रॅम लागते. इथे १६ जीबीच्या खाली जाऊ नका, जमलं तर ३२ घ्या. विंडोज डेस्कटॉपला एक मोठा फायदा इथेच आहे: आज १६ टाकली, पुढच्या वर्षी पैसे आले की अजून १६ टाकता येते. आताच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. जे घ्यायचं, ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं.

तिसरं काम, बाहेर जाऊन रेकॉर्डिंग. भजनी मंडळ, घरगुती बैठक, नाट्यसंगीताचा कार्यक्रम, ढोल-ताशा पथक. आठ-आठ माइक एकाच वेळी. इथे मॅक-विंडोजपेक्षा लॅपटॉप की डेस्कटॉप हा प्रश्न मोठा. बॅटरी असलेलं मशीनच न्या. कार्यक्रम चालू असताना कुणीतरी मंडपातला प्लग काढतोच, हे मी तुम्हाला लिहून देतो.

घरच्यांनाही बॅटरीचा मुद्दा लागू आहे. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार. डेस्कटॉप किंवा मॅक मिनी घेणार असाल, तर यूपीएसचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा. जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत अर्थिंगचाही घोळ असतो. रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हूंऽऽ' येत असेल, तर मशीन बदलायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. हूं गेली, तर दोष विजेच्या जोडणीत आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा. मॅकच्या दुकानात जाऊ नका.

आणि हो, घरात टॅलीवर हिशेब चालत असेल, तर लक्षात ठेवा, टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. नवऱ्याच्या दुकानाचे हिशेब आणि बायकोचं रेकॉर्डिंग एकाच मशीनवर होत असेल, तर प्रश्न तिथेच सुटला.

लिनक्सचं विचारणारेही एक-दोन असतातच. त्यावर आर्डर आहे, रीपर आहे, काम होतं. पण कॉम्प्युटरशी खेळायची तुम्हाला मुळातच हौस असेल, तरच जा. उद्या सकाळी विद्यार्थ्याला फाइल द्यायची असताना रात्री अकराला शिकायची ती गोष्ट नाही.

दहा वर्षांनी ही फाइल उघडेल का?

माझ्या मते हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि दुकानात तो कुणीच विचारत नाही.

आपल्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येकाचे मराठी फॉन्ट वेगळे होते. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्या मशीनवर उघडलं, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. अख्खं पुस्तक हातात असून वाचता येत नाही. किती प्रकाशकांनी जुनी पुस्तकं पैसे देऊन पुन्हा टाइप करून घेतली असतील! संगीताच्या प्रोजेक्ट फाइलचं अगदी तसंच आहे.

हे घडून गेलेलं आहे. लॉजिक हे सॉफ्टवेअर पूर्वी विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजची आवृत्ती बंद केली. विंडोजवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं एका रात्रीत काठावर आली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सनने केकवॉकचं काम थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून ते वाचलं, पण मधले तीन महिने वापरणाऱ्यांच्या पोटात गोळा होता. मॅकवालेही सुटले नाहीत. २०१९ च्या नव्या मॅकओएसवर ३२-बिटची सगळी जुनी सॉफ्टवेअर आणि प्लगइन बंद पडली. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

म्हणजे एका बाजूला धोका आणि दुसरीकडे सुरक्षितता, असं काही नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या जमान्यात किती गवयांचं गाणं घरोघरी पोचवलं! आज त्यातली एखादी कॅसेट हाताशी असली, तर आधी कॅसेट प्लेअर शोधत फिरावं लागतं. मशीन बदलतच राहणार.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी आता प्रत्येक संगीतवाल्याला सांगतो. काम संपलं, की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये बाहेर काढायचा. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवले, की आपोआप जुळतात. फाइलला नाव द्यायचं: राग, ताल, गायकाचं नाव, तारीख. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: सूर कोणता, पट्टी काळी चार की पांढरी एक, लय किती, साथीला कोण होतं.

जागा किती लागते म्हणाल, तर २४ बिट आणि ४८ हजार नमुन्यांवर एका माइकचा एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. तासभराचं एका माइकचं रेकॉर्डिंग साधारण ५२० एमबी. गळा, पेटी आणि तबला, तीन माइकची दहा मिनिटांची बंदिश २६० एमबीच्या आसपास. आजच्या डिस्कच्या हिशेबात ही जागा काहीच नाही. दोन कॉपी ठेवा. एक घरात, एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही.

हा नियम पाळलात, तर संयोजक मॅकवर असो आणि तुम्ही विंडोजवर, काम अडत नाही. आणि पुढच्या वेळी मशीन बदलताना जुनं मशीन तुम्हाला धरून ठेवत नाही.

आता पैशाचं बोलू

मॅकच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. एक, तो बरीच वर्षं नीट चालतो आणि विकायला काढला तर भाव बरा येतो. दोन, आता मॅक म्हणजे लाखाच्या वरच, असं राहिलं नाही. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० पासून होता, १६ जीबी रॅमसह. त्याचा आवाज जवळजवळ येत नाही, हे रेकॉर्डिंगच्या खोलीत महत्त्वाचं. गॅरेजबँड फुकट मिळतं आणि शिकवण्याच्या कामाला ते भरपूर आहे. मात्र स्क्रीन, कीबोर्ड, माउस, यूपीएस वेगळे धरा. साठवणीची जागा त्यात २५६ जीबीच, म्हणजे बाहेरची डिस्कही आली. आजचा भाव दुकानातच विचारा.

विंडोजवर सॉफ्टवेअरसाठीही फार खर्च नाही. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर छोट्या धंद्यासाठी परवाना ६० डॉलर. ते मॅकवरही चालतं आणि लिनक्सवरही. म्हणून नवशिक्याने शिकायचंच असेल, तर मी रीपरसारखं दोन्हीकडे चालणारं सॉफ्टवेअर शिका म्हणतो. हाताला लागलेली सवय मशीनबरोबर फेकावी लागत नाही.

आता तुमचा आकडा काढा. मशीनची पूर्ण किंमत घ्या, ६० महिन्यांनी भागा. साठ हजारांचं मशीन महिन्याला हजार रुपये. एक लाख वीस हजारांचं दोन हजार. आता स्वतःला विचारा, या रेकॉर्डिंगमधून महिन्याला किती जास्तीचे येणार आहेत? 'येतील' नाही, आज कुणी पैसे द्यायला तयार आहे का? ताईंच्या वेळी मी हा प्रश्न विचारायलाच विसरलो होतो, आणि धंदा शिकवणं हेच माझं काम.

काही जण म्हणतात, "सर, टेबलावर मॅक दिसला की क्लायंटवर छाप पडते." अहो, न्यू जर्सीच्या आईला तुमचं टेबल दिसत नाही. तिला तुमचा षड्ज ऐकू येतो आणि मागे वाजणारा कुकरही.

त्यामुळे आधी खोलीवर खर्च करा. भिंतीवर जाड गोधड्या लावा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर गा, आवाज घुमणं लगेच कमी होतं. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीपात्रात ढोलाचा सराव चालतो. जवळ राहत असाल, तर पहाटेची वेळ धरा. इंटरफेसला लागणारी केबल, पिन, स्टँड चांगल्या दर्जाचे घ्या. तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, तरी यातलं बरंच काही मिळून जाईल.

माझं उत्तर

एक. तुमच्याकडे चालणारा विंडोज कॉम्प्युटर असेल आणि काम शिकवण्याचं असेल, तर नवं काहीही घेऊ नका. ड्रायव्हर टाका, डायरेक्ट मॉनिटर लावा, एसएसडी घाला आणि सहा महिने काम करा.

दोन. काहीच नसेल, मशीन फक्त संगीतालाच लागणार असेल आणि जागेवरूनच काम करायचं असेल, तर मॅक मिनी घ्या. रोख घ्या. हप्त्यावर घ्यायचाच असेल, तर हप्ता तुमच्या चालू कमाईच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

तीन. गाणी बांधायची असतील आणि पैसे हळूहळू येणार असतील, तर विंडोज डेस्कटॉप. त्यात भर घालत जाता येतं.

चार. बाहेर जाऊन काम असेल, तर लॅपटॉप. कुठला, ते तुमच्या मदतीच्या माणसाला विचारा. रात्री दहाला फोन केल्यावर जो येतो, तो जे मशीन जाणतो, ते घ्या. भाचा विंडोजवाला असेल, तर तुम्हीही विंडोजवाले.

आणि कुठलंही घ्या, जुनं मशीन विकायच्या आधी त्यातली प्रत्येक गोष्ट वेव्हमध्ये बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर वाजवून बघा. नुसतं कॉपी करून समाधान मानू नका. वाजवून बघा. मगच विका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जुनं, सगळ्यात लाडकं रेकॉर्डिंग शोधा. वडिलांचं, गुरूंचं, मुलीच्या पहिल्या गाण्याचं, कुठलंही. आज रात्री ते साध्या वेव्ह फाइलमध्ये काढा, नाव-तारीख घाला आणि दोन ठिकाणी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ताईंचे हप्ते २०२२ च्या शेवटी फिटले. आता त्यांच्याकडे परदेशातले अकरा विद्यार्थी आहेत, आणि मॅक चालू आहे. गुरुजींच्या सहा बंदिशी एका फोल्डरमध्ये आहेत. सातवीचा जो अंतरा गेला, तो ताईंनी स्वतःच्या आवाजात गाऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवलाय. फाइलच्या नावात स्वतःचं नाव लिहिलंय, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. परवा मला म्हणाल्या, "सर, जसा आठवतो तसा गायले. गुरुजी एका ठिकाणी निषाद जरा वेगळा लावायचे. तो मला अजून सापडला नाही."

भेटू पुढच्या मंगळवारी. तोवर गृहपाठ करा.